उंबरमाळची बत्तीखोली

चिमाबाई : कुनी बुजवलं म्हंते मी?

अमृत : आत्या, आदी सावलीत तर ये. आल्या आल्या भांडायला लागलीस.

चिमाबाई : मी हितनंच बघते. दार कुटं गेलं? परवा तूच सांगत आलास ना, "आत्या, तू म्हनलीस तसं बत्तीखोलीला मागलं दार ठिवलंय." आन् आज बघते तर दगडं रचल्यात!

श्रेया : ते मी रचायला सांगितले, आत्या. अमृतला बोलू नका.

चिमाबाई : तू? आन् तू कोन गं पोरी?

अमृत : अगं, ह्या श्रेया मॅडम. पुण्याच्या आर्किटेक्ट. पूर्वी हिरडा वाहायची ती छोटी रेल्वे, हिरड्याची गाडी, परत सुरू होतीय ना, तिच्या वाटेवरचं जे जे पडलं ते ह्याच उभं करतायत. पाण्याची टाकी, फलाट, आन् आपल्या उंबरमाळ स्टेशनची ही सिग्नलचे कंदील ठेवायची बत्तीखोली. मी नुसता सुपरवायझर. शेवटचा शब्द ह्यांचा.

श्रेया : नमस्कार करते. तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. हे स्टेशन उभं असताना पाहिलेल्या तुम्हीच एकट्या उरलात, असं अमृत म्हणतो.

चिमाबाई : एकटी कशी? हितं शेजारी महाळुंग्याला दिलेली बयाबाई हाय की. पन ती बोलायची न्हाई. ऱ्हाऊ दे. तू दाराचं बोल.

श्रेया : तेच विचारायला तुम्हाला बोलावलं. काल आम्ही मागच्या भिंतीचा पाया मोकळा केला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग निघाला. दार असतं तर उंबऱ्याची खाच सापडली असती, चौकट बसवायची जागा सापडली असती. काहीच नाही. त्या भिंतीला दार कधी नव्हतंच, आत्या.

चिमाबाई : व्हतं.

श्रेया : बाहेर पायरी होती का मग?

चिमाबाई : पायरी न्हवती.

श्रेया : कडी? बिजागरी?

चिमाबाई : न्हाई. पन दार व्हतं. मी डोळ्यांनी बघितलंय.

अमृत : आत्या, उद्या उद्घाटन हाय गं. तू सांगितलंस म्हणून मी डोळं झाकून चार हात भिंत मोकळी सोडली. आता मॅडमनी वर समितीला काय कळवायचं? सुपरवायझरच्या आत्यानं सांगितलं म्हणून दार केलं? माझी पार शोभा होईल.

चिमाबाई : हूं दे.

अमृत : हूं दे काय! आजोबांच्या नावाचा बोर्ड लागलाय बाहेर. वाच की जरा. ‘बत्तीवाले कुशाबा. गाडी बंद झाल्यावरही ते रोज सांजवेळी दिवे लावत राहिले.’ अण्णा सांगायचे तसंच्या तसं लिहून घेतलंय मॅडमनी. आज अण्णा असते तर छाती फुगली असती त्यांची.

चिमाबाई : तुज्या बापाला, सावळारामाला काय ठावं? त्यो तवा आईच्या पदरात व्हता.

श्रेया : पण ते खरं आहे ना? दिवे लावायचे ते?

चिमाबाई : लावायचा. खोटं कशाला बोलू? गाडी बंद झाली, रूळ तेवढं ऱ्हायलं. पन बा म्हनायचा, मला कुनी दिवे बंद कर म्हनून हुकूम दिलेला न्हाई. रोज सांजच्याला निघायचा, दोन हातांत दोन कंदील, सिग्नलपतोर. गाव हसायचं. त्यो कुनाला दाद द्यायचा न्हाई.

अमृत : बघा मॅडम! असा माणूस. लोकांनी मात्र काय केलं? सगळं स्टेशन चोरून नेलं. एकेक दगड!

चिमाबाई : चोरून न्हाई नेलं.

अमृत : मग काय वाजतगाजत नेलं? अर्ध्या गावच्या उंबऱ्याला, न्हानीला ह्या खोलीचे दगड सापडले मला. घरोघर हिंडलो, हातापाया पडलो, तेव्हा कुठं ही भिंत उभी राहिली. म्हाताऱ्या तोंड फिरवायच्या. चोरीची लाज, दुसरं काय.

चिमाबाई : तुला लई कळतंय.

श्रेया : आत्या, एकदा आत येऊन दाखवाल का? नक्की कुठं होतं, किती रुंद होतं. दगड नुसते रचलेत, चुना भरला नाही अजून. तुमचं ऐकल्याशिवाय भरू नका म्हणून मीच सांगितलंय.

चिमाबाई : मला आत नगं.

अमृत : का? अंधाराचं भ्या वाटतं व्हय? ए आत्या, रानात एकटी बिबट्याला हाकलून आलीस ती तूच ना?

चिमाबाई : बिबट्या बरा.

श्रेया : दोनच मिनिटं. मी आहे ना सोबत.

चिमाबाई : ...त्या पुढल्या दाराला दगुड लाव आदी. चांगला मोठा.

अमृत : लावतो, लावतो. ये. डोकं सांभाळ, चौकट बुटकी हाय. अशीच व्हती ना?

चिमाबाई : अशीच.

अमृत : आन् ही कडी बघ, बाहेरून. खरीखुरी, त्या वेळची! बयाबाईच्या गोठ्याला लावलेली सापडली. मॅडम, हिची गंमत माहितीय का? बत्तीवाल्याच्या दोन्ही हातांत दिवे. मग दार लावायचं कसं? बाहेर पडायचं, टाचेनं दार लोटायचं, की कडी आपली आपण कोयंड्यात पडायची. खटकन!

श्रेया : आणि आतून?

अमृत : आतून कशाला लागंल? आत राकेल आन् दिवे. माणसाचं कामच नव्हतं आत.

चिमाबाई : ही कडी तुला बयाबाईनं दिली?

अमृत : सुखासुखी नाय दिली. उंबऱ्याचा दगडही देईना. म्हणली, "चिमाला इचारलंस का?"

चिमाबाई : आन् तू काय म्हनलास?

अमृत : म्हणलो, इचारलंय की.

चिमाबाई : मला न्हाई इचारलंस तू.

अमृत : अगं, एका कडीचं काय इचारायचं?

चिमाबाई : दगुड लावलास का दाराला?

अमृत : थांब, हे दाखवतो न् लावतो. मॅडम, हा झरोका बघा, हा मात्र...

(वाऱ्याच्या झोतानं दार धाडकन मिटतं. बाहेर लोखंडी कडी पडल्याचा आवाज होतो.)

चिमाबाई : उघड.

अमृत : आयला! काय बसलीय राव! साठ-सत्तर वर्षांनी पहिल्या झटक्यात! मॅडम, ह्याला म्हणतात काम.

श्रेया : अमृत, आता उघड ते.

अमृत : उघडतो की. ...गोकुळ! ए गोकुळ! कडी काढ रं! ...कोण नाय वाटतं. पोरं फाट्यावर जेवायला गेली.

श्रेया : फोन कर.

अमृत : फोन टेम्पोत चार्जिंगला लावलाय. तुमचा?

श्रेया : बाहेर. फलाटाचे फोटो काढायला स्टँडवर लावलाय.

अमृत : झालं मग. येतील पोरं अर्ध्या-पाऊण तासात. बसा निवांत. आत्या, तू पण बस खाली.

चिमाबाई : मी बसनार न्हाई. बसलं की वाट बघाया लागतंय. उघड म्हनलं ना तुला!

अमृत : अगं, आतून उघडत नाय ती. खांदा लावून बघतो. ...नाय हलत. सागवानी दार हाय, ह्या अंगाला धरायलासुद्धा काय नाय.

चिमाबाई : उघड रं अमृता. पाया पडते तुझ्या. उघड.

श्रेया : आत्या, हात द्या मला. या, इकडे झरोक्याजवळ या, वारा येतोय. इथून बाहेरचं दिसतंय बघा.

चिमाबाई : ह्यो झरोका मी आतनं कदी बघितला न्हाई.

श्रेया : म्हणजे?

चिमाबाई : मी बाहेर असायची. राकेलचा डबा पालथा घालायचा, त्येच्यावर उभं ऱ्हायचं, मंग बोटं पोचायची. भाकरी दुमडली की बरोबर जायची ह्यातनं. कालवण जायचं न्हाई.

श्रेया : भाकरी कुणाला द्यायचात?

अमृत : आत्या, कायतरीच काय? आत दिवे असायचे.

चिमाबाई : सांजच्याला दिवे बाहेर निघायचे. मंग आई आत.

अमृत : कोण आई?

चिमाबाई : माजी आई. तुजी आजी. भागू.

अमृत : आजी इथं कशाला?

चिमाबाई : बा कोंडायचा. एकदा मुकादम पानी मागाया आला, आईनं तांब्या दिला. त्येवढंच. पन बाच्या डोक्यात संशय शिरला त्यो शिरला. दिवे लावाया गेला की घरी मागं कोन येत असंल? मंग हिला ह्या खोलीत घालायचा आन् टाचेनं दार लोटायचा. सावळाराम पदराखाली, प्यायचा व्हता म्हनून तेवढा संगती.

अमृत : खोटं हाय.

चिमाबाई : बरं.

अमृत : नाय, खोटं हाय हे! अख्खा गाव आजोबाला मानतो. अण्णा तर देवावानी मानायचे!

चिमाबाई : गाव मानतो, कारन बा कुनाच्या आध्यात न मध्यात. बाहेर शब्द वर न्हाई. आन् सावळारामाला आमी कदी सांगितलंच न्हाई. आई म्हनायची, पोराला बाप तरी धड असू दे. आपलेच दात, आपलेच ओठ. कुनाला सांगायचं?

श्रेया : आणि तुम्ही? तुम्हाला बाहेर का ठेवायचे?

चिमाबाई : चूल कोन बघनार? आठ-नऊ वर्सांची व्हते, भाकरी थापाया येत व्हत्या. कडीला हात पोचत न्हवता माजा. डब्यावर चढून बघितलं एक डाव, तरी पोचला न्हाई. आई आतनं म्हनाली, "उतर गं, पडशील. मला काय हुतंय? निवांत बसलेय." आन् मला हसवाया लागली. राकेलच्या वासानं तिला खोकला यायचा, खोकत खोकत हसवायची.

अमृत : गाडी बंद झाल्यावर तर हे थांबलं असंल ना?

चिमाबाई : आरं, मी कवाचं सांगतेय? गाडी बंद झाल्यावरच सुरू झालं हे. काम गेलं, मान गेला, हातात दोन कंदील ऱ्हायलं आन् ही कडी. तुज्या बोर्डावर लिवलंय ना, रोज दिवे लावत ऱ्हायला? रोज लावत ऱ्हायला. रोज!

श्रेया : अमृत, तू बस. खरंच बस.

अमृत : मला एक कळत नाय, आत्या. हे सगळं पोटात होतं तर मला बांधू का दिलंस? कडी सापडली तेव्हा मी नाचत आलो तुझ्याकडं. तेव्हा बोलायचं!

चिमाबाई : बोलले. ‘नगं लावू’ म्हनले. तू म्हनलास, "आत्या, तुला ऐतिहासिक कळत न्हाई."

अमृत : ...म्हणलो असंल.

चिमाबाई : तुजं तोंड असं फुललेलं. आजोबाचं नाव, आजोबाचं नाव. जलमात पयल्यांदा तू कशात तरी मन घातलंस. बोलावं तर तुजं मन मोडतंय, न बोलावं तर भिंत रोज हातभर वर येतीया. मी लांबनं बघायची. रातचं डोळ्याला डोळा न्हाई. मंग म्हनलं, बांधतूय तर बांधू दे. दार तरी ऱ्हाऊ दे मागं.

श्रेया : म्हणजे दार नव्हतं.

चिमाबाई : व्हतं म्हंते ना मी! पोरी, कान दे जरा. ह्या मागल्या भिंतीला पाटाचं पानी मुरायचं. चुना पार फुगून आलेला. एके दिवशी बा सिग्नलकडं गेला, आन् आईनं आतनं कंदील लटकवायचा आकडा उपसला, लोखंडी, आन् लागली चुना खरवडाया. मला म्हनाली, "चिमे, मागनं ये. मी ढकलते, तू वढ." ह्या हितं, छातीइतक्या उंचीवर. पायाला कशाला हात लावंल? तिला पाया थोडाच काढायचा व्हता, बाहेर पडायचं व्हतं.

श्रेया : म्हणून पाया सलग निघाला.

चिमाबाई : आदी सावळाराम आला बाहेर. मी असा झेलला. मंग आईचं डोकं, मंग खांदं. कोपरं सोलून निघाली व्हती. त्ये दार. चौकट न्हवती त्येला, बिजागरी न्हवती. पन माज्या आईनं केल्यालं दार व्हतं त्ये. खोटं न्हाई बोलले मी तुमाला.

श्रेया : नाही बोललात.

अमृत : मग कुठं गेली ती?

चिमाबाई : पेठंला, मामाकडं. आन् मामानं काय करावं? चार दिस ठिवली, साडीचोळी केली, आन् पाचव्या दिशी आनून सोडली. "नवरा हाय, घर हाय, नांदायला नगं?" सोडून गेला. बा चारी दिस तिच्या वाटंवरच बसल्याला, बत्तीखोलीकडं फिरकलाच न्हवता. उठला आन् आईचा दंड धरून निघाला बत्तीखोलीकडं.

श्रेया : परत?

चिमाबाई : निघाला खरा. पन खोली कुटं व्हती?

अमृत : म्हणजे?

चिमाबाई : चार दिसात बायकांनी नेली. सगळ्यांना ठावं व्हतंच की. तोंड कुनी उघडत न्हवतं. पन भिंतीला भोक पडलं, तशी पयल्या दिशी कुनाची तरी आई आली, चार दगडं काढून घिऊन गेली. मंग दुसरी आली. बयाबाई माज्याच वयाची, तिची आई दोनदा आली, दुसऱ्यांदा कडी घिऊन गेली; पुढं लेक महाळुंग्याला दिली तवा दगुड आन् कडी तिच्यासंगं धाडली. पाटीत घालून न्हाई, गड्यांना सांगून न्हाई. डोक्यावर चुंबळ आन् चुंबळीवर दगुड. धुनं धुवाया निघाल्यावानी जायच्या आन् यायच्या. कुनी उंबऱ्याला घातला, कुनी न्हानीला, कुनी चुलीपाशी. आन् एकमेकींत बोली झाली, ह्यो दगुड कदी परत द्यायचा न्हाई. कुशाबा मागाया आला तरी न्हाई, त्येचा कुनी मागाया आला तरी न्हाई. खोली परत बांधता येता कामा नये.

अमृत : आत्या...

चिमाबाई : बा तिथं जोत्यावर हुबा. बघतूय, बघतूय. मंग आईचा दंड सोडला. परत दिवे लावले न्हाईत त्येनं.

अमृत : आत्या, मी गोड बोलून बोलून आणले गं ते दगड. बयाबाईला म्हणलो, चिमाआत्या हो म्हणलीय. इतरजणींना म्हणलो, बयाबाईनं दिला, मग तुमाला काय झालं? सुनांच्या हातचा चहा पिऊन, नातवांना गाडीत बसवीन म्हणून... एकीनं तर दगड देताना त्याच्यावर पाणी घालून हळदकुंकू वाहिलं. मी तिचा फोटो काढला! चोर म्हणलो मी त्यांना. सगळ्यांना सांगत सुटलो, चोर.

चिमाबाई : तुला ठावं न्हवतं.

अमृत : इचारलं असतं तर ठावं झालं असतं.

चिमाबाई : मी सांगितलं असतं का, काय ठावं? त्ये ऱ्हाऊ दे आता. मला हितनं काड.

अमृत : पोरं येतीलच आता. ए गोकुळ! कोणी हाय का रं?

श्रेया : कशाला वाट बघायची? चुना भरलेला नाही.

अमृत : काय?

श्रेया : मागचे दगड. नुसते रचलेत, काढू या.

अमृत : मॅडम, उद्या सकाळी पाहुणे येणार. भिंत अर्धी पाडलेली दिसली तर?

श्रेया : मी रचायला लावले ना? मीच काढते. तू त्या बाजूला हो.

चिमाबाई : खालचा नगं वढू पोरी, समदी अंगावर येतील. वरनं. आई वरनंच काढत व्हती. ह्यो आदी, ह्यो सैल वाटतूय.

अमृत : सरका, मॅडम. बोटं चेंगरतील. ढकलतो मी. ...एक. ...हा गेला.

चिमाबाई : उजेड आला.

अमृत : अजून दोन काढले की माणूस जातो. ...हे घ्या. आत्या, मी उडी मारतो, पळत पुढं येतो आन् कडी काढतो. तुमी दोघी सरळ पुढच्या दारानं या.

चिमाबाई : तू जा पुढं. आदी सावळारामच गेलाय हितनं. पन कडीला हात लावू नगंस. मी मागनंच येनार.

अमृत : अगं, ह्या वयात भिंत चढणार व्हय तू? गुडघ्याचं काय?

चिमाबाई : माजी आई चढली, मी चढीन. हुबा ऱ्हा पलीकडं, धर मला.

श्रेया : माझ्या गुडघ्यावर पाय द्या, आत्या. बिनधास्त द्या. ...हं. आता दुसरा.

अमृत : धरलं, धरलं. सोड अंग. ...आलीस. आलीस गं आत्या बाहेर.

चिमाबाई : जरा टेकू दे मला. ...हा वारा. लई बरं वाटतंय बाबा.

अमृत : कोपर खरचटलं तुझं.

चिमाबाई : असू दे.

श्रेया : मी पण आले. अमृत, तू रडतोयस?

अमृत : डोळ्यात चुना गेला. ...मॅडम, उद्या काय सांगायचं समितीला?

श्रेया : मलाही कळत नाहीये. पण एक सांगते, हे भोक मी परत बुजवणार नाही. आणि तो बोर्ड तू आत्ताच्या आत्ता खाली घे.

अमृत : आन् कडी?

चिमाबाई : कडी बयाबाईच्या गोठ्याची. तिला म्हशी कोंडाया नगंत का?

अमृत : हा दगड पडलाय ना पायाशी, कोपऱ्याला छिन्नीचा घाव असलेला, हा तिच्याच उंबऱ्याचा. मी स्वतः उपटलाय. आत्ता घेऊन जातो. पाया पडतो म्हातारीच्या. हा देतो, मग बाकीच्या घरी जातो. टेम्पो आणतो थांबा.

चिमाबाई : टेम्पोत नगं. तसं न्हाई न्यायचं त्ये.

श्रेया : मग एक माझ्याकडे द्या. हा, हा लहान आहे. मी उचलते.

चिमाबाई : आगं, छातीशी नगं धरू, पाठ भरंल तुजी. ती ओढनी दे हिकडं. चुंबळ करून देते.